मोजा कोस्मालाचा पुढचा रविवार

वेनिंगफेल्डच्या मैदानावर एव्हाल्ड कोस्मालाला ओळखायला तोंडाकडे बघावं लागत नसे. पायांकडे बघितलं की पुरे. जानेवारीत मैदानावर गवताऐवजी पसरलेली काळी राख गोठून टणक व्हायची, राखीव खेळाडू ब्लँकेटात गुरफटून बेंचवर बसायचे, आणि हा सत्तावन्न वर्षांचा कोच अर्ध्या चड्डीत, मोजे घोट्यापाशी गुंडाळून, उघड्या नडग्यांनी लाइनीवर उभा. नडग्या थंडीने जांभळ्या पडल्या तरी गडी मोजा वर ओढायचा नाही. बायको होती तोवर ती ओरडायची. ती गेल्यावर ओरडणारंही कुणी उरलं नाही.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी एव्हाल्ड वरच्या लीगमध्ये गोलकीपर होता, आणि चांगला होता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे ते कुणी कधी सांगितलं नाही. एका रविवारी, वीस हजार लोकांसमोर, शेवटच्या मिनिटाला लांबून एक बॉल आला. तो बाहेर जाणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. एव्हाल्डने हात खाली केले आणि डाव्या पायाचा घसरलेला मोजा वर ओढायला वाकला. बॉल जमिनीतल्या उंचवट्यावर आपटला, वळला आणि त्याच्या मागून निवांत गोलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: कोस्माला वाकलेला, दोन्ही हात मोज्याला, मागे बॉल लाइन ओलांडतोय. तेव्हापासून तो मोजा कोस्माला झाला. बेकरीत मोजा, ट्राममध्ये मोजा, त्याच्या स्वतःच्या लग्नात सासऱ्याच्या भाषणात मोजा.

पुढच्या रविवारी त्याचा कोच सोबोटा याने त्याला बाहेर बसवलं. त्याच्या जागी आलेला गडी बरा खेळला, आणि एव्हाल्ड दोन वर्षं बेंच झिजवून घरी परतला. पुन्हा कुठल्याही सामन्यात तो गोलमध्ये उभा राहिला नाही. कोचचं शिक्षण घेतलं, एकामागून एक चार क्लब केले आणि शेवटी जन्मगावच्या क्लबात आला. त्याचा एकच कायदा होता, आणि तो त्याने कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिला होता: "जो चुकला, तो पुढच्या रविवारी उभा राहतो." नवा खेळाडू आला की त्याला दंडाला धरून दारापाशी न्यायचा आणि सांगायचा, "सोबोटाने मला एक रविवार बसवलं आणि आयुष्यभर बसवलं. माझ्या हाताखाली असा कुणी बसणार नाही." सात वर्षं सांगत आला होता. ऐकून ऐकून दारालाही पाठ झालं असेल.

त्या मे महिन्यात त्या कायद्याची कसोटी लागली.

क्लबचा गोलकीपर होता हाइको रेम्बेर्ग, एकतीस वर्षांचा, तीन नंबरची ट्राम चालवणारा, शांत माणूस. बॅकने मागे दिलेला बॉल गोलकीपरने हाताने धरायचा नाही असा नवा नियम गेल्या वर्षी आला, आणि आयुष्यभर हातांनी पोट भरलेल्या या लोकांची भंबेरी उडाली. एव्हाल्ड त्या नियमाला रोज सकाळी उठून शिव्या घालायचा. शेवटून दुसऱ्या सामन्यात, बरोबरी चाललेली, नव्वदावं मिनिट, आपल्याच बॅकने हाइकोकडे सावकाश बॉल ढकलला. हाइकोने पाय पुढे केला. बॉल पायाखालून गेला. ती बरोबरी टिकली असती तर वेनिंगफेल्ड लीगमध्ये सुरक्षित होतं. आता शेवटच्या सामन्यात किमान बरोबरी हवीच, नाहीतर खालच्या लीगमध्ये रवानगी, आणि तीही शेजारच्या राउशनडोर्फचे लोक तिथून वर येत असताना. एक वेळ माणूस बाकी सगळं सहन करेल, पण ते नाही.

गुरुवारी सरावानंतर क्लबच्या उपाहारगृहात अध्यक्ष फोल्कमार ब्रिंकमायर वाट बघत बसला होता. फोल्कमार आणि एव्हाल्ड एका बाकावर शिकले, एकाच दिवशी खाणीत कामाला लागले. एव्हाल्ड फुटबॉलपायी बाहेर पडला, फोल्कमार खाण बंद होईपर्यंत आत होता. काउंटरमागे गुद्रुन सॉसेज परतत होती. तिला सगळं ऐकू यायचं आणि ती ते लपवायचीही नाही.

"रविवारी टिलो उभा राहील," फोल्कमार म्हणाला. टिलो म्हणजे राखीव गोलकीपर.

"रविवारी हाइको उभा राहील."

"एव्हाल्ड, लोक माझं दार वाजवतायत. हाइकोच्या ट्राममध्ये चढून लोक विचारतात, 'ब्रेकवर तरी पाय बसतो का रे तुझा?' त्या माणसाची काय अवस्था झालीय ते बघ एकदा. त्याच्यासाठीच म्हणतोय मी."

"माझ्यासाठीच म्हणत होता सोबोटा पण. दोन आठवडे बस, म्हणाला, लोक विसरतील. विसरले का? आज सकाळी बेकरीत एक बाई, जन्माला आली नव्हती तेव्हा, मला म्हणाली, या मोजासाहेब."

"तुझी ती कथा पुरे झाली. एका माणसासाठी सगळा क्लब बुडवणार का तू?"

"बुडवीन."

गुद्रुनचा झारा हवेत थांबला.

"मग ऐक," फोल्कमार म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता; बोलायचं होतं म्हणून बोलत होता, मनापासून नव्हे. "तो उभा राहिला आणि आपण खाली गेलो, तर रविवार हा तुझा शेवटचा दिवस."

"तो उभा नाही राहिला तरी माझा शेवटचाच दिवस आहे. मी त्याला बसवून वर मैदानावर तोंड दाखवीन असं वाटलं का तुला?" एव्हाल्ड उठला. "दारावरचं पुसायचं असेल तर रंग मी देतो. हात तुझे लाव."

तो ताठ मानेने बाहेर पडला. मागून गुद्रुन फोल्कमारला म्हणाली, "सॉसेज देऊ का? तुझा चेहरा पडलाय." तिला दोघांचीही कीव येत होती, पण बोलण्यात तिने ती कधी उतरू दिली नाही.

शनिवारी दुपारी एव्हाल्ड रेल्वेमार्गाकडेच्या आपल्या बागेच्या तुकड्यात नवलकोलाच्या ओळीतलं गवत खुरपत होता. फाटकाची कडी वाजली. हाइको, ट्रामच्या गणवेशात, टोपी काखेत.

"कोच, मला नाही खेळायचं उद्या."

एव्हाल्डने मान वर केली नाही. "अकरा जणांची नावं मी लिहून टाकलीत."

"खोडा मग. टिलोला उभा करा."

"कुणी शिकवलं तुला हे? फोल्कमारने?"

"कुणी नाही. मला झोप नाही. डोळे मिटले की बॉल पायाखालून जातो. बायको म्हणते, ट्राम चालवतोस, लोकांचे जीव आहेत, रजा घे. मी उद्या तिथे उभा राहिलो तर पाय लटपटतील माझे."

"लटपटू देत. लटपटत्या पायांनी उभं राहा."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला!" हाइको आजवर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. शेजारच्या बागेतला म्हातारा कुंपणावरून बघायला लागला. "तुम्हाला खेळायचं होतं आणि तुम्हाला बसवलं. तुमच्यावर अन्याय झाला. माझी गोष्ट तशी नाही. मला कुणी बसवत नाहीये, मी स्वतः बसायला मागतोय. तुमचा कायदा माझ्यासारख्याला लागूच नाही."

एव्हाल्डच्या हातातलं खुरपं थांबलं. तो कमरेवर हात ठेवून हळूच सरळ झाला, बागेतल्या झोपडीच्या पायरीवर बसला. बराच वेळ मालगाडी जात होती. शेवटचा डबा गेला तेव्हा त्याने खुरपं खाली टाकलं.

"सोबोटाने मला बसवलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"मीच गेलो होतो त्याच्या घरी. गुरुवारी. दारातच उभा राहिलो. म्हटलं, या रविवारी मला नको. तो म्हणाला, एव्हाल्ड, येड्या, तू खेळ, याच रविवारी खेळायला हवं. मी म्हटलं, पोट दुखतंय. सव्वीस वर्षांचा घोडा मी, आणि पोट दुखतंय म्हणालो. पोटबिट काही दुखत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ठीक आहे, पेपरवाल्यांना मी सांगतो की मीच बसवलं. म्हणजे तुला कुणी भित्रा म्हणणार नाही."

हाइकोने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"आणि त्याने सांगितलं. मरेपर्यंत दुसरं काही सांगितलं नाही. लोक त्याला शिव्या घालायचे, कोस्मालाला यानेच संपवलं म्हणून, आणि मीही त्यांच्यात उभा राहून घालायचो. चार वर्षांपूर्वी वारला. मी मातीला गेलो नाही. जाऊन तोंड कसं दाखवणार? माझी सगळी कथा त्याच्यावर उभी होती."

"म्हणजे सात वर्षं तुम्ही आम्हाला थापा मारल्या."

"हो."

"दारावर लिहून."

"दारावरचं खरं आहे. माझ्याबद्दलचं खोटं होतं." एव्हाल्डचा आवाज चिडलेला होता, आणि तो हाइकोवर चिडलेला नव्हता. "कायदा तुझ्यासारख्यालाच लागू आहे, गाढवा. मला बसवलं असतं तर मी दात-ओठ खात परत आलो असतो. पण मी स्वतः बसलो. एकदा बसायची चटक लागली की उठवत नाही रे. बस. आता तुला काय करायचं ते कर. नाव मी खोडणार नाही, पण उद्या आला नाहीस तर पोट दुखतंय असं मात्र कुणाला सांगू नकोस. भीती वाटली म्हणून सांग. मला तेवढंही जमलं नाही."

हाइको फाटकापर्यंत गेला, परत आला.

"आणि तुमचा?"

"माझा काय?"

"पुढचा रविवार. तो कधी?"

"सत्तावन्न वर्षांचा आहे मी."

"मी वय नाही विचारलं," हाइको म्हणाला आणि कडी लावून निघून गेला.

रविवारी हाइको आला. हातमोजे चढवले, गोलपाशी गेला आणि टाचेने गोलच्या मधोमधपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत राखेत रेघ ओढली. ती एव्हाल्डचीच शिकवण. मागे वळून न बघता गोल कुठे आहे ते कळावं म्हणून. रेफरींना ते चालत नाही, पण वेनिंगफेल्डमध्ये रेफरी ती रेघ न बघायला शिकले होते.

तिसऱ्याच मिनिटाला घात झाला. उंच बॉल आला, हाइको पुढे आला, अर्ध्यात थबकला, आणि बॉल डोक्यावरून आत. शून्य-एक.

कुंपणाभोवतीची सहाशे माणसं एकदम पेटली. "टिलो! टिलो!" कुणीतरी ट्रामची घंटा वाजवून दाखवली तोंडाने. फोल्कमार धावत बेंचपाशी आला. त्याच्या गालावर लाल चट्टे उठले होते.

"बदल त्याला! एव्हाल्ड, पाया पडतो तुझ्या, अजून सत्त्याऐंशी मिनिटं आहेत!"

"म्हणूनच तर," एव्हाल्ड म्हणाला.

आणि तो बेंच सोडून चालायला लागला. लाइनीच्या कडेने, कॉर्नरच्या झेंड्याला वळसा घालून, थेट गोलच्या मागे. पाठीमागे सगळा ओरडा, "मोजा! तूच उभा राहा!" तो जाळीला नाक लागेल इतका जवळ जाऊन थांबला.

"अर्धवट आलास," तो हाइकोला म्हणाला. "यायचं तर पुरतं ये. नाहीतर येऊच नकोस. पण अर्धवट नको."

"पाय लटपटतायत," हाइको न वळता म्हणाला.

"मग लटपटत ये."

रेफरी शिटी फुंकत आला. कोचची जागा तिथे नव्हती, हे खरंच होतं. परत जा, नाहीतर मैदानाबाहेर. एव्हाल्ड म्हणाला, "बाहेरच काढ मला. बाहेरूनही हेच दिसतं." रेफरीने काढलं. एव्हाल्ड कुंपणावरून पाय टाकून पलीकडे उतरला, तरुणपणी टाकला असता तितक्या सहज नाही, आणि गोलच्या बरोबर मागे, शिव्या देणाऱ्या गर्दीत उभा राहिला. कुणाची बिअर त्याच्या पाठीवर सांडली. ती चुकून सांडली नव्हती. तो हलला नाही.

पुढचा सामना वेनिंगफेल्डमध्ये अजून सांगतात. हाइको आला, आणि प्रत्येक वेळी पुरता आला. एकदा तीन माणसांच्या पायांत झेपावला आणि नडगीची सालटं राखेत ठेवून बॉल घेऊन उठला. एकदा मागे दिलेला बॉल, अगदी तसाच, आणि सगळं मैदान श्वास धरून. त्याने अशी लाथ मारली की बॉल खाणीच्या जुन्या मनोऱ्याच्या दिशेने गेला. अर्ध्या वेळेनंतर कुंपणावरचा "टिलो" बंद झाला. सत्तर मिनिटांनंतर, बिअर सांडणारा माणूस कोणाकडेच न बघता म्हणाला, "बरा आहे रे हा." एव्हाल्डच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्याने पुसलंही नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं.

पण पुढच्यांनी गोल काही केला नाही. नव्वदाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, हाइको स्वतः पुढे धावत गेला, त्याचंच डोकं लागलं, आणि बॉल आडव्या दांडीवर आपटून बाहेर. शिटी वाजली. वेनिंगफेल्ड खाली गेलं.

उपाहारगृहात बिअरचं खोकं तसंच पडून होतं, कुणी बाटली उघडेना. फोल्कमार दारात उभा राहिला. "तू मला दुसरा मार्ग ठेवला नाहीस," तो म्हणाला.

"नाहीच ठेवला," एव्हाल्ड म्हणाला. "तुझं बरोबर आहे. पण जाण्याआधी दोन मिनिटं द्या सगळ्यांनी."

तो खुर्चीवरबिर्चीवर चढला नाही. काउंटरला टेकून, बागेत सांगितलं होतं ते सगळं त्याने सांगितलं. पोटदुखी, सोबोटाचं दार, मातीला न जाणं. आवाज खाली केला नाही आणि माफीही मागितली नाही. "सोबोटा या खोलीत असता तर त्याच्याकडे मागितली असती," तो म्हणाला. "तुमच्याकडे कशाला मागू?"

गुद्रुनने सॉसेज आणि बटाट्याच्या सॅलडची बशी त्याच्यापुढे आदळली. "खोटारडा," ती म्हणाली. "खा."

तो खात असताना हाइको समोर येऊन बसला. नडगीवर ओला फडका बांधलेला.

"कोच, दारावर काय लिहिलंय?"

"मी आता कोच नाही."

"दार आहे ना अजून?"

पुढच्या रविवारी सकाळी दहाला जुन्या मंडळींचा सामना होता. टक्कल, ढेऱ्या, दुखरे गुडघे, समोर राउशनडोर्फची तसलीच मंडळी. वेनिंगफेल्डच्या गोलकीपरची कंबर दर वर्षी या सुमाराला धरायची, आणि दर वर्षी ते एव्हाल्डला विचारायचे, आणि दर वर्षी तो नाही म्हणायचा. या वेळी त्यांनी विचारलंच नव्हतं. तो साडेनऊला आपण होऊन आला. हातमोजे हाइकोचे होते, एक बोट मोठे.

बातमी फिरली होती. रविवारी सकाळी इतकी माणसं त्या कुंपणाला कधी लागली नव्हती. राउशनडोर्फचे तर मुलाबाळांसकट आले होते. फोल्कमारही होता, जरा बाजूला, टोपी ओढून. एव्हाल्ड गोलपाशी गेला. मधोमध टाच रोवली आणि ठिपक्यापर्यंत रेघ ओढली. रेघ वाकडी आली. ते सगळ्यांना दिसलं.

"अर्धवट येऊ नका!" गोलमागून हाइको ओरडला. लोक हसले.

दहाव्या मिनिटाला पहिला गोल झाला, त्यात एव्हाल्डचा दोष नव्हता. विसाव्याला दुसरा झाला, त्यात सगळा त्याचाच होता. तो राखेत पडला, कोपर सोलून उठला, बॉल जाळीतून काढून मधे भिरकावला. मग खेळ पलीकडच्या टोकाला गेला, आणि तेव्हा राउशनडोर्फच्या बाजूने कुणीतरी सुरुवात केली. आधी एकटा, मग वीस जण, मग सगळेच, टाळ्यांच्या तालावर: "मोजा! मोजा! मोजा!"

एव्हाल्डने खाली पाहिलं. दोन्ही मोजे घोट्यापाशी होते, एकतीस वर्षं होते तसे. बॉल लांब होता, पण फार लांब नव्हता. त्यांचा एक गडी तो घेऊन वळत होता.

तो वाकला. सावकाश, दोन्ही हातांनी, डावा मोजा गुडघ्यापर्यंत ओढला आणि वरची घडी नीट दुमडली. मग उजवा. टाळ्यांचा ताल चुकत गेला. बॉल मधली रेषा ओलांडून आला होता, हाइको जाळीमागे बोटं अडकवून उभा होता.

एव्हाल्ड सरळ झाला, टाचेने मागची रेघ चाचपली आणि पुढे आला.

पुरता आला.